‘बोध’ नावाचा रकाना

सहावीतली नात रविवारी रात्री वही घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, बोध सांगा की लवकर.”

वहीवर ‘माझी वाचन नोंदवही’ असं छापलेलं. आत प्रत्येक पानावर तेच सहा रकाने : पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, सारांश, मिळालेला बोध. खाली वर्गशिक्षकांची सही, पालकांची सही. पाच रकाने भरून झाले होते. सारांश मलपृष्ठावरून उतरवलेला, हे ‘वाचकाला शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी’ या शब्दांवरूनच कळत होतं. घोडं अडलं होतं ते सहाव्यापाशी. मी विचारलं, “पुस्तक वाचलंस का?” तर म्हणाली, “अर्धं वाचलो. पण वही उद्या द्यायची हाय.” (कोल्हापुरातल्या पोरी ‘वाचलो’, ‘गेलो’च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी त्यात दुरुस्ती सुचवू नये.)

अर्ध्या पुस्तकात काय आहे ते सांग म्हटल्यावर मात्र ती वीस मिनिटं थांबली नाही. त्यातल्या कुत्र्याबद्दल बोलली, त्याला हाकलून देणाऱ्या काकूबद्दल बोलली, मग आमच्याच गल्लीतल्या एका काकूंवर घसरली. कुत्रा परत येणार की नाही, यावर आमची पैजही लागली. यातलं एक वाक्य वहीत गेलं नाही. बोधाच्या रकान्यात तिने ‘प्राण्यांवर दया करावी’ असं लिहिलं, माझी सही घेतली आणि झोपायला गेली.

राग आला, पण काढणार कुणावर? तो रकाना आखणाऱ्यांत मीही होतो. एकोणतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. ‘अवांतर वाचन’ या नावाखाली दर सत्राला चार पुस्तकांची नोंद मागितली, लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ तपासले, दहापैकी सात-आठ गुण टाकले आणि वह्यांचा गठ्ठा कपाटावर ठेवला. पोरांनी नोंद केली एवढं मला कळायचं. वाचताना त्यांच्या मनात काय झालं, हे एकोणतीस वर्षांत कधी कळलं नाही. तो ‘अवांतर’ शब्द तरी बघा. मुख्य ते धडे, आणि पोरगं स्वतःहून, आवडीने जे वाचतं ते बाजूचं, फावल्या वेळेतलं.

आता निवृत्तीनंतर मला जे म्हणायचंय ते असं : मुलं आपल्या मनाने निवडून जे वाचतात, त्याची परीक्षा घेऊ नका. पण त्याबद्दल बोलायला शाळेने वेळापत्रकात तास द्यावा, आणि तो भाषेच्या तासाइतकाच गंभीरपणे घ्यावा. सध्या आपण नेमकं उलटं करतो. नोंद मागतो आणि बोलू देत नाही.

कोल्हापूरला चर्चा शिकवावी लागते, असं कुणी म्हटलं तर शिवाजी पेठेतले लोक हसतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाचा फुटबॉल सामना झाला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन बसा. दहावी नापास पोरगं सांगत असतं की बचावफळी कुठे फुटली, कोणत्या मिनिटाला खेळाडू बदलायला हवा होता. दुसरा ते खोडून काढतो. तिसरा चार वर्षांपूर्वीचा सामना दाखल्याला आणतो. पुरावा, प्रतिवाद, तुलना, आठवण, सगळं तिथं असतं. ‘या सामन्यातून तू काय बोध घेतलास?’ असं त्यांना कुणी विचारत नाही. उद्या कट्ट्यावर बोलायचंय हे माहीत असल्यामुळे तो पोरगा पुढचा सामना जास्त बारकाईने बघतो. माझ्या मते वाचनाच्या गप्पांचं सगळं मर्म इथं आहे. कुणीतरी ऐकणार आहे हे ठाऊक असलं की माणूस वाचताना मनात खुणा करत जातो.

ही रीत आपल्याला नवीनही नाही. श्रावणात घरोघर पोथी लागायची तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असत. त्यात एखादी आजी हटकून मध्येच “थांब, थांब जरा” म्हणायची आणि तिथून चुलत सासऱ्यांपासून गावच्या भाऊबंदकीपर्यंत विषय जायचा. पोथी अध्यायाला अर्धा तास उशिरा संपायची. त्या बायकांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, तरी ओवीचा अर्थ आपल्या जगण्याला लावून बघण्यात त्या आमच्या पदवीधरांच्या पुढे होत्या. पुढे सगळी शिकली, एकेकटी वाचायला लागली, आणि “थांब, थांब” म्हणणारं कुणी उरलं नाही.

गेली दोन वर्षं मी एका शनिवाराआड पंचगंगेपलीकडच्या एका गावातल्या शाळेत जातो. मानधन नाही, अधिकार नाही, फक्त आठवीच्या वर्गाचा एक तास. पुस्तक ज्याचं त्याने निवडायचं. वाचून संपलेलं नसलं तरी चालतं. पाच-सहा जणांचं कोंडाळं करून बसायचं आणि बोलायचं, एवढंच. पहिले चार शनिवार अगदी फुकट गेले. मुलं उभी राहून, हाताची घडी घालून, “या पुस्तकाचे लेखक अमुक असून यातून आपणांस असा संदेश मिळतो की…” अशी वक्तृत्व स्पर्धेच्या चालीत बोलायची. दोष त्यांचा नव्हता. शाळेत तोंड उघडायची तीच एक चाल त्यांना ठाऊक होती.

पाचव्या शनिवारी एका पोराने आनंद यादवांची आत्मकथनात्मक कादंबरी आणली. कागलचं पोर, शिकायची आस, आणि त्याला मळ्यात जुंपू पाहणारा बाप. जाड पुस्तक, याची शंभरेक पानं झाली होती. बाकीच्यांनी वाचलेलं नव्हतं. त्याने तीन मिनिटांत गोष्ट सांगितली, आणि मी मनात रकाना भरूनही टाकला : ‘शिक्षणाचे महत्त्व’. एवढ्यात तो म्हणाला, “पण सर, बाप चुकला न्हाई. मळ्यात माणूस नको व्हय? आमच्यातबी भांगलणीला गडी मिळंना झाल्यात.”

एक मुलगी उसळली. “मग पोरानं शिकायचंच न्हाई व्हय?”

दुसऱ्याला इतिहासातला धडा आठवला. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तो म्हणाला, “महाराज असते तर बापाला दंडच बसला असता.” यावर पहिला शांतपणे म्हणाला, “आणि रुपाया कुठनं आणला असता त्यानं? परत पोरालाच कामाला लावून न्हवं?”

मी जीभ चावून गप्प बसलो. मोठमोठ्या परिसंवादांत ज्या प्रश्नाला लोक हात घालत नाहीत, तिथं हे पोर एका पुस्तकाच्या शंभर पानांवरून आणि घरच्या दीड एकर उसावरून येऊन पोचलं होतं. सक्ती कुणाच्या भल्याची, तिची किंमत कोण मोजतं, आणि तरीही ती हवी की नको. अर्धा तास हाणामारी झाली (शब्दांची, एकदा वहीचीही). निकाल काही लागला नाही. तास संपल्यावर तिघांनी ते पुस्तक मागितलं. प्रत एकच. तेवढ्यावरूनही भांडण झालं.

हाच मुलगा नोंदवहीत काय लिहितो, ते मी नंतर मुद्दाम बघितलं. ‘बोध : शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही.’ त्याला ते खरं वाटत नव्हतं, किंवा तितकं सरळ वाटत नव्हतं. पण रकान्यात काय चालतं हे तो पुरता ओळखून होता. मला या वह्यांचं भय वाटतं ते इथं. मनात एक असावं आणि कागदावर दुसरं लिहावं, याचा सराव आपण पाचवीपासून करून घेतो, आणि तोही वाचनासारख्या मोकळ्या गोष्टीच्या नावाने.

हा तास कसा चालवायचा याची काही हिकमत लागते, ती मी उसनी घेतली आहे. एडन चेंबर्स हे इंग्लंडमधले शिक्षक आणि लेखक. मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर त्यांनी फार काम केलं. त्यांचे मूळ प्रश्न चारच आहेत : काय आवडलं, काय नाही आवडलं, कशाचं कोडं पडलं, आणि काय पुन्हा पुन्हा येताना दिसलं. ‘का?’ हा प्रश्न मात्र ते टाळायला सांगतात. मला हे आधी पटलं नव्हतं. ‘का’ न विचारता शिक्षक कसला? पण करून बघितल्यावर दिसलं की “का आवडलं?” म्हटलं की पोर बचावाच्या पवित्र्यात जातं आणि शिक्षकाला हवंसं उत्तर शोधायला लागतं. त्याऐवजी “पुस्तकात कुठल्या जागी तसं वाटलं?” म्हटलं की ते पान उलटायला लागतं. कोड्याचा प्रश्न तर सोन्यासारखा. न कळलेलं उघडपणे सांगायला शाळेत बक्षीस मिळतं, असं मुलांना त्याआधी कधी दिसलेलंच नसतं.

बक्षीस म्हटलं ते बोलायच्या भरात. खऱ्या बक्षिसांबद्दल माझं मत वेगळं आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. दिवस चांगला, हेतू चांगला. पण पुष्कळ ठिकाणी त्याचं रूप ‘सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार’ असं होतं, आणि मग शहाणी मुलं सोळा पानी पुस्तकं शोधतात. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी त्याच मुलांना मोकळं सोडलं, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्रं काढलेली मुलं रंगीत पेनांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळली. आवडीची गोष्ट मोबदल्याची झाली की आवड पातळ होते. माझ्या वर्गात हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. फरक इतकाच, की मी त्याचं खापर टीव्हीवर फोडायचो.

आता आक्षेप. “नोंद नको, तर वाचलंय हे कळणार कसं?” असं शिक्षक विचारतात. त्यांना माझा उलट प्रश्न : नोंदीवरून कळतंय का? आता तर मोबाईलला पुस्तकाचं नाव सांगितलं की सारांश, बोध, लेखकाचा परिचय, सगळं मिनिटात समोर येतं, तेही शुद्धलेखनासकट. आपण ज्या गोष्टीला गुण देत होतो ती यंत्र फुकट करून देतंय, म्हणजे तिच्यात पोराचं असं फारसं नव्हतंच. कोंडाळ्यात बसून थाप मारणं त्यापेक्षा अवघड. मास्तर फसतो, पण शेजारचं पोरगं लगेच विचारतं, “मग त्या म्हातारीचं पुढं काय झालं सांग बघू?” आणि समजा एखाद्याने मारली थाप. मारू दे. मीही कॉलेजात न वाचलेल्या कादंबऱ्यांवर छातीठोक बोललोय, आणि पुढे लाजेकाजेस्तव त्यातल्या बऱ्याचशा वाचल्या.

पटसंख्येचा आक्षेप खरा आहे. साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, शेजारच्या वर्गातून “जरा आवाज कमी” असा निरोप. पण साठही जणांचं बोलणं शिक्षकाने ऐकलंच पाहिजे, हा हट्ट कशाला? दहा कोंडाळी करा. एका तासाला एकाजवळ बसा, बाकीच्यांना सोडून द्या. त्यातली दोन क्रिकेटवर बोलतील. कट्ट्यावरही सामन्यातून पेट्रोलच्या भावावर जातातच की. आणि वेळ नाही म्हणाल तर ‘आनंददायी शनिवार’ हा शासनाचाच उपक्रम आहे. महावाचन उत्सवातही मुलांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल आपलं मत मांडावं, अशी अपेक्षा असते. कागदावर वाट मोकळी आहे. अडतं ते असं, की ते मत एकदाच, वर पाठवण्यापुरतं मागितलं जातं. पाठवून झालं की विषय संपला.

ज्या आक्षेपाचा मी सगळ्यात जास्त मान राखतो तो वाचकांकडून येतो. वाचन ही एकांताची गोष्ट, मुलांना वाचू द्या, बोलायला कशाला लावता? मला स्वतःला पुस्तक संपल्यावर चार दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून आमच्या तासाला “माझं अजून चाललंय” हे पूर्ण उत्तर मानतो, त्यावर पुढचा प्रश्न नाही. वर्गात एक मुलगी सबंध वर्षभर एक शब्द बोलली नाही. मार्चमध्ये तिने वहीचं शेवटचं पान फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर दोन ओळी होत्या : ‘शेवट आवडला नाही. मी बदलला आहे, पण तो सांगणार नाही.’ लिहिण्याला माझा विरोध असता तर हे पान मी पाकिटात जपून ठेवलं नसतं. विरोध छापील रकान्याला आहे, आणि त्यावर फिरणाऱ्या लाल पेनला. हवं तेव्हा, हवं तेवढं लिहायची, कुणी न तपासायची एक वही प्रत्येक मुलाकडे जरूर असावी. मात्र ‘शांतता राखा’ ही पाटी मी वाचनालयातच राहू देईन. वर्गात ती टांगून आपण वाचक घडवतोय असं मानणं हा भाबडेपणा आहे.

एक भीती मात्र कुणी उघड बोलत नाही. पोरं खरोखर बोलायला लागली तर ती जातीवर बोलतील, देवावर बोलतील, घरातल्या मारझोडीवर बोलतील. मग संध्याकाळी एखाद्या पालकाचा फोन येणार, कुणीतरी अर्धवट ऐकून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार, आणि शिक्षक एकटा पडणार. असं झालेलं मी बघितलंय. ‘बोध’ हा शिक्षकाने उतरवलेला विमा आहे. दया करावी, खरे बोलावे, झाडे लावावीत; यावर कुणाची तक्रार येत नाही. म्हणून ‘शिक्षकांनी धीट व्हावं’ असा सल्ला मी इथं बसून देणार नाही. निवृत्त माणसाचं धैर्य स्वस्त असतं. शाळा व्यवस्थापन समितीने मात्र एवढं तरी ठरवावं, की वाचनाच्या तासाला मुलांनी काय म्हटलं याचा जाब शिक्षकाला विचारायचा नाही. पालकांना त्या तासाला येऊन मागे बसायला सांगावं. आमच्याकडे दोघं-तिघं येतात. त्यातले एक, दूध संस्थेत काम करणारे, आता स्वतःच पुस्तक घेऊन येतात आणि पोरांआधी बोलायला लागतात. त्यांना आवरावं लागतं.

या सगळ्याला आधी पुस्तकं हवीत, हे उघड आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत. पुष्कळ शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कुलूपबंद लोखंडी कपाट. आम्ही जातो तिथंही तसंच होतं. उघडलं तेव्हा बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात मिळाले, गाठ न सोडलेली. हे मासिक १९७१ पासून निघतंय. त्या कपाटापर्यंत येऊन थांबलं होतं. यात दोष कपाटाच्या किल्लीचा कमी आणि हिशेबाचा जास्त. पुस्तक फाटलं, हरवलं तर लेखी उत्तर द्यावं लागतं, पुस्तक कुणी वाचलंच नाही तर मात्र कुणी विचारत नाही. माझ्या हातात असतं तर वर्षाला शंभरातली दहा पुस्तकं फाटायची, हरवायची मुभा मी नियमातच घातली असती.

आणि हे शहर काही उजाड माळ नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही सात वर्षांनी जुनं. आजऱ्याचे शिवाजी सावंत, कोवाडचे रणजित देसाई, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. जिल्ह्याचा एक तालुका लेखकावाचून सापडणं कठीण. लीलाताई पाटील यांनी इथंच १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवातून, त्यांच्या प्रश्नांतून शिकणं कसं उभं राहतं ते दाखवून दिलं. तेव्हा आम्ही अनुदानित शाळांतले मास्तर चहा पिता पिता म्हणायचो, “लहान शाळा आहे, तिथं जमतं.” आमच्या शाळेत का जमू नये, हे एकदाही बसून बोललो नाही. मुलांना चर्चा येत नाही, अशी तक्रार करणारे आम्ही स्वतः शिक्षक-खोलीत कधी एखाद्या पुस्तकावर भांडलो होतो? वेतन आयोगावर भांडायचो. तिथं मुद्दे बिनतोड असायचे.

मुलांचं आयतं ऐकायला जाणाऱ्या शिक्षकाने स्वतः काहीतरी वाचत असलं पाहिजे, ही अट मी सगळ्यात शेवटी सांगतो, कारण ती सगळ्यात अवघड आहे. पोरं ओळखतात. एका शनिवारी मी माझं पुस्तक न वाचताच गेलो होतो. एकाने विचारलं, “सर, तुमचं कुठवर आलं?” मी म्हणालो, “माझं अजून चाललंय.” सगळा वर्ग हसला.

गेल्या महिन्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस चांगला आहे, कपाटाची किल्ली त्यांनीच स्वतःहून काढून दिली होती. केंद्रप्रमुखांना उपक्रमाचा अहवाल द्यायचा होता. “सर, निष्पत्तीत काय लिहू?”

मी म्हणालो, “पोरं पुस्तकावरून भांडली, असं लिहा.”

ते हसले. मग पेन उघडून त्यांनी लिहिलं : ‘वाचन चर्चासत्र उत्साहात संपन्न झाले.’